रिकाम्या रात्रींचा खर्च

25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. त्या दिवशी गुढीपाडवा होता. शहरातल्या माणसाला हा योगायोग फारसा जाणवला नसेल. तमाशाच्या फडमालकांना मात्र त्याचा अर्थ ताबडतोब कळला. पाडव्याच्या सुमारास जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे येतात, कोणत्या फडात यंदा कोण आहे याची चौकशी करतात आणि सुपाऱ्या ठरवून जातात. चैत्र-वैशाखातल्या जत्रांचे हे दोन महिने म्हणजे फडाची वर्षभराची बेगमी. ती जमवायच्या दिवशीच देश बंद झाला. पुढच्या वर्षी पाडवा 13 एप्रिलला आला, आणि 14 एप्रिलच्या रात्री आठपासून राज्यात संचारबंदी लागली. तिसऱ्या वर्षीच्या पाडव्याला, म्हणजे 2 एप्रिल 2022 रोजी, राज्यातले सगळे निर्बंध उठले. महासाथीतला महाराष्ट्राच्या रंगभूमीचा इतिहास या तीन पाडव्यांत मोजता येतो. तरीही तो सहसा तसा मोजला जात नाही. त्याऐवजी सांगितल्या जातात त्या नाट्यगृहांच्या तारखा.

त्या तारखाही नोंदवल्या पाहिजेत. 13 मार्च 2020 च्या मध्यरात्रीपासून मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांतली नाट्यगृहे, चित्रपटगृहे, व्यायामशाळा आणि तरणतलाव बंद झाले. आधार होता 1897 च्या साथरोग कायद्याचा. मुंबईत मांडवी भागात प्लेग उघडकीला आल्यानंतर काही महिन्यांतच इंग्रज सरकारने घाईघाईने केलेला तोच कायदा. जवळजवळ आठ महिन्यांनी, 5 नोव्हेंबर 2020 पासून, निम्म्या प्रेक्षकांत नाटक करायला परवानगी मिळाली. तो दिवस मराठी रंगभूमी दिनाचा होता. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले त्याला त्या दिवशी 177 वर्षे झाली. डिसेंबरात पुण्यात व्यावसायिक नाटकाचा पडदा पुन्हा वर गेला. 2021 च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्या लाटेने तो परत पाडला, आणि 22 ऑक्टोबर 2021 रोजी, पुन्हा निम्म्या आसनांवर, नाट्यगृहे उघडली. म्हणजे दोनदा बंद, दोनदा उघड. वर्तमानपत्रांनी आणि सरकारी आदेशांनी हा इतिहास दारांचा इतिहास म्हणून लिहिला. माझे म्हणणे असे की दारांवरून तो नीट कळत नाही. प्रयोग नसलेल्या रात्री नाटकाच्या माणसाला कोण पोसतो, हा या धंद्यातला जुना आणि खरा प्रश्न आहे. महाराष्ट्राने त्याला वेगवेगळ्या काळात वेगवेगळी उत्तरे दिली. आणि 1950 नंतर, नाट्यगृहे बांधण्याच्या भरात, उत्तर देणेच सोडून दिले. विषाणूने ही उणीव फक्त उघडी पाडली.

पहिले उत्तर राजाचे होते. भाव्यांची मंडळी सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने उभी राहिली. 1851 मध्ये चिंतामणराव गेले, दरबारचा आश्रय तुटला आणि भाव्यांना गाव सोडून फिरणे भाग पडले. 1853 मध्ये ते मुंबईत तिकीट लावून खेळ करीत होते. मराठी नाटक व्यावसायिक झाले ते अशा रीतीने, एका आश्रयदात्याच्या मृत्यूमुळे. नाट्येतिहासाच्या पुस्तकांत हा प्रसंग प्रगतीचा टप्पा म्हणून येतो. तो टप्पा होताच. पण त्याच क्षणी रिकाम्या रात्रीचा खर्च दरबाराकडून मंडळीच्या मालकाकडे सरकला, ही त्यातली दुसरी बाजू आहे.

दुसरे उत्तर कंपनीचे. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ केले तिथपासून 1930 च्या दशकापर्यंत मराठी नाटक म्हणजे नाटक कंपनी. किर्लोस्कर, 1908 ची ललितकलादर्श, 1913 ची गंधर्व, 1918 ची बळवंत. या कंपन्या आजच्या निर्मितीसंस्थांसारख्या नव्हत्या. कंपनी म्हणजे फिरते बिऱ्हाड होते. नट पगारी असत, काही जण भागीदार असत. पडदे रंगवणारे, कपडेपट सांभाळणारे, साथीदार, आचारी असे सगळे एका मुक्कामात राहत आणि एका मुदपाकखान्यात जेवत. खेळ लागला की नाही यावर त्या दिवसाचे जेवण अवलंबून नव्हते. मुक्काम लांबला, पाऊस लागला, मुख्य नटाचा आवाज बसला, तरी पंगत उठत होती. रिकाम्या रात्रीचा भार एका माणसावर न पडता सगळ्या बिऱ्हाडावर, आणि शेवटी मालकाच्या ऐपतीवर, पडत होता.

या काळाने साथी पाहिल्याच नाहीत असे नाही. उलट त्या काळात साथ ही नेहमीची पाहुणी होती. 1896 पासून प्लेग वर्षानुवर्षे परतत राहिला. 1918 च्या शरदात इन्फ्लुएन्झाने हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसे मेली, आणि मुंबई इलाख्याला त्याचा मोठा तडाखा बसला. तरी बळवंत मंडळी त्याच वर्षी उभी राहिली आणि टिकली. 1919 च्या जानेवारीत नाटककार राम गणेश गडकरी गेले आणि फेब्रुवारीत त्यांचे ‘एकच प्याला’ गंधर्व मंडळीने बडोद्यात रंगभूमीवर आणले. साथीचा कहर ओसरून जेमतेम काही महिने झाले असताना नवे, मोठे, खर्चिक संगीत नाटक बसवून उभे करता आले, कारण माणसे विखुरलेली नव्हती. तालमीला बोलवायला ती कुठून गोळा करावी लागली नाहीत. फिरत्या कंपनीला आणखी एक सोय होती: एका गावात दुखणे असेल तर मुक्काम दुसरीकडे हलवता येई. सिमेंटच्या नाट्यगृहाला गाव बदलता येत नाही.

इथे कोणी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की ही तुलना सरळ नाही. 1918 चा कहर प्रत्येक गावात काही आठवड्यांत येऊन गेला. 2020 ची बंदी महिनोन्‌महिने चालली, आणि ती राज्यभर एकाच वेळी होती. सरकारने तेव्हा सगळी नाट्यगृहे एका हुकमाने बंद केली असती तर कंपन्यांचेही काय झाले असते? बहुधा त्याही बुडाल्या असत्या. कंपनीच्या बिऱ्हाडाचे गुणगान करताना हेही विसरू नये की ते कर्जावर चालत होते. गंधर्व मंडळीसारखी सर्वांत लोकप्रिय संस्था 1921 च्या सुमारास कर्जात गळ्यापर्यंत बुडाली होती, आणि बालगंधर्वांची पुढची काही वर्षे ते फेडण्यात गेली. सयाजीराव गायकवाडांचा, शाहू महाराजांचा आश्रय नसता तर कितीतरी कंपन्या आधीच मोडल्या असत्या. शिवाय कंपनीत मालकाचा शब्द शेवटचा होता, लहान मुले घर सोडून तिथे वाढत होती, आणि हलक्या कामाच्या माणसाला पंगतीत जागा असली तरी मोल फारसे नव्हते. तेव्हा कंपनीकडे परत जा, असे कोणी सुचवू नये. माझा मुद्दा मर्यादित आहे. कंपनीने रिकाम्या रात्रीचा खर्च हा धंद्याचा खर्च मानला. तिचे उत्तर महाग होते, अपुरे होते, पण ते उत्तर होते.

1931 मध्ये बोलपट आला, पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला, आणि दशकाच्या मध्यापर्यंत मोठ्या कंपन्यांचा खेळ संपला. थिएटरांची सिनेमागृहे झाली. मग पडझडीतून रंगभूमी सावरण्याची जी चळवळ उभी राहिली, तिचा मान कमी करण्याचे कारण नाही. 1943 ची सांगलीतली रंगभूमी-शताब्दी, मुंबई मराठी साहित्य संघाचे नाट्यमहोत्सव, डॉ. अ. ना. भालेरावांची जिद्द, 1954 पासूनची राज्य नाट्यस्पर्धा, या सगळ्यांनी नाटक जगवले. पण चळवळीची मुख्य मागणी एक होती: नाटकाला हक्काची जागा हवी. ती मागणी महाराष्ट्राने विलक्षण उत्साहाने पुरी केली. गिरगावातले साहित्य संघ मंदिर, 1965 मध्ये दादरचे शिवाजी मंदिर, 1968 मध्ये पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर, 1978 मध्ये ठाण्याचे गडकरी रंगायतन. काही विश्वस्त संस्थांची, बरीचशी नगरपालिका-महापालिकांची. बालगंधर्वची कोनशिला स्वतः बालगंधर्वांनी 1962 मध्ये बसवली, आणि वास्तू पुरी होण्याआधी 1967 मध्ये ते गेले. ज्याने आयुष्यभर कंपनीचे बिऱ्हाड ओढले त्याच्या नावाने उभ्या राहिलेल्या वास्तूत कंपनीला राहायला जागा नव्हती, आणि तशी ती कोणी मागितलीही नव्हती. भारतातल्या फार थोड्या भाषांना शहरोशहरी एवढी नाट्यगृहे मिळाली. त्याचा अभिमान रास्तच आहे.

मात्र भिंती सार्वजनिक झाल्या त्याच काळात माणसे ‘नाइट’वर गेली. निर्माता तारखा मिळवतो, नाट्यगृहाचे भाडे भरतो. नटाला, प्रकाशयोजना चालवणाऱ्याला, नेपथ्य लावणाऱ्याला, कपडेपटवाल्याला, रंगभूषाकाराला, बुकिंग सांभाळणाऱ्याला प्रयोगागणिक नाइट मिळते. प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. ही व्यवस्था 50 वर्षे बऱ्यापैकी चालली, याचे कारण चांगल्या नाटकाचे महिन्याला वीस-पंचवीस प्रयोग होत, मे महिन्यात आणि दिवाळीत त्याहूनही अधिक, आणि पडद्यामागचा माणूस एकाच वेळी तीन-चार नाटकांवर काम करी. रिकामी रात्र दुसऱ्या नाटकाने भरून निघे. दुसरे, तिसरे आणि चौथे नाटकही एकाच दिवशी थांबेल, ही शक्यता कोणी हिशेबात धरली नव्हती. नामवंत नटाकडे मालिका होती, चित्रपट होता. मालिकांचे चित्रीकरण तर 2020 च्या जूनअखेरीसच पुन्हा सुरू झाले, नाट्यगृहांच्या चार महिने आधी. नेपथ्याचे खिळे ठोकणाऱ्याकडे काही नव्हते. नाट्य परिषदेने, निर्मात्यांनी आणि कलावंतांनी वर्गण्या काढून किराणा आणि थोडी रोख पोचवली, ते चांगले झाले. पण संपूर्ण व्यवसायाचा विमा सहकाऱ्यांच्या दानतीवर असावा, ही त्या व्यवसायाच्या बांधणीवरची टीकाच आहे.

नोव्हेंबर 2020 च्या उघडण्याकडे या नजरेने पाहिले की ते वेगळे दिसते. निम्मी आसने म्हणजे निम्मे उत्पन्न. भाडे, वाहतूक, जाहिरात आणि नाइट मात्र निम्म्या होत नाहीत. काही पालिकांनी भाड्यात सवलत दिली, त्याने थोडा हात सैल झाला. तरीही उभी राहिली ती मुख्यतः मोजक्या पात्रांची, नावाजलेल्या चेहऱ्यांची नाटके. मोठ्या संचाचे, साथीदारांचे, फिरत्या नेपथ्याचे नाटक निम्म्या आसनांत बसत नव्हते. म्हणजे ‘नाट्यगृहे उघडली’ या वाक्यात ज्यांना काम मिळाले ते थोडे होते. हौशी रंगभूमीची तर गोष्टच निराळी: तिची 60 वी राज्य नाट्यस्पर्धा थेट 2022 मध्ये झाली. आणि 2020 च्या मार्चअखेरीस सांगलीपासून सुरू होऊन राज्यभर फिरायचे ठरलेले शंभरावे नाट्यसंमेलन जब्बार पटेलांच्या अध्यक्षतेखाली भरले ते 2024 च्या जानेवारीत, पिंपरी-चिंचवडला. अध्यक्ष तेच, निमंत्रण मात्र चार वर्षे जुने. मधल्या काळात झूमवरून नाटक करण्याचे प्रयोग झाले, ‘मोगरा’सारखे काही लक्षात राहण्याजोगे, परंतु त्यांनी कलावंताची भूक भागवली ती कलेची. घरच्या पडद्यावर चाललेल्या नाटकाला नेपथ्य लावणारा लागत नाही.

आता पुन्हा तमाशाकडे यायला हवे, कारण माझ्या युक्तिवादाची खरी परीक्षा तिथे आहे. तमाशाचा फड हे नाटक कंपनीचे आजवर जिवंत राहिलेले भावंड म्हणता येईल. मोठ्या फडात शंभराहून अधिक माणसे, ट्रक, राहुट्या, कनात, स्वयंपाक, सगळे बरोबर. हंगाम दसऱ्यापासून वैशाखापर्यंत. पावसाळ्यात फड बंद. पावसाळ्याच्या रिकाम्या महिन्यांसाठी फडाने स्वतःचे उत्तर शोधलेले आहे, त्याचे नाव उचल. कलाकार पुढच्या हंगामाच्या पगारातून आगाऊ रक्कम उचलतो, त्यावर घर चालवतो, आणि हंगामात नाचून-गाऊन ती फेडतो. फडमालक ती उचल देण्यासाठी स्वतः खाजगी सावकाराकडून कर्ज काढतो आणि जत्रांच्या सुपाऱ्यांतून ते वळते करतो. व्याजाचा दर विचारू नये असा असतो. तरी ही साखळी वर्षानुवर्षे फिरते, कारण पावसाळ्यानंतर दसरा येतोच. 2020 मध्ये हंगाम अर्ध्यावर तुटला, सुपाऱ्या परत गेल्या, उचल फिटली नाही. मग पावसाळा आला आणि नवी उचल लागली. दसऱ्याला फड निघाले नाहीत. 2021 चा चैत्र पुन्हा गेला. दोन हंगामांचे कर्ज एकावर एक चढले; कुणी शेतमजुरीला गेले, कुणी भाजीची गाडी लावली, काही मालकांनी गाड्या आणि सामान विकायला काढले.

यावर आक्षेप उघड आहे. फड जर जुन्या कंपनीसारखा सामुदायिक आहे, तर तो शहरातल्या नाइटवाल्या नाटकापेक्षा जास्त का बुडाला? मग कंपनीचे उत्तर चांगले, हे कशावरून? आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याने माझा मुद्दा अधिक नेमका होतो. उचल हे उत्तर ठराविक, ठाऊक असलेल्या रिकामेपणासाठी आहे. पावसाळा किती महिन्यांचा, हे सावकारालाही माहीत असते. न मोजता येणारा रिकामेपणा आला की खाजगी कर्ज ही साखळी उरत नाही, फास होतो. कंपनीलाही हेच लागू होते. म्हणूनच तिच्यामागे बडोदे आणि कोल्हापूर असावे लागत. जोखीम एका मालकाच्या खांद्याला पेलेल तोवरच खाजगी व्यवस्था पुरते. त्यापुढे मोठा खांदा लागतो, आणि संस्थाने गेल्यानंतर तो खांदा सरकारचाच असू शकतो. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांचा राष्ट्रपतींच्या हस्ते झालेला सन्मान मिरवणाऱ्या राज्याला ही गोष्ट अनोळखी नसावी.

दुसरे असे की तमाशाला आणि झाडीपट्टीला उघडण्याच्या क्रमात मागे ठेवले गेले. झाडीपट्टी म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा हा धानाचा मुलूख. देसाईगंज-वडसा हे तिथल्या नाटकांचे केंद्र. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडई-जत्रांच्या दिवसांत हंगाम सुरू होतो आणि गावातल्या उघड्या मैदानावर मंडप घालून रात्रभर नाटक चालते. 5 नोव्हेंबर 2020 च्या परवानगीत बंदिस्त सभागृहे आली. जत्रा-यात्रा आणि मेळावे बंदच राहिले, आणि त्यांच्याबरोबर उघड्यावरचा खेळही. हवेतून पसरणाऱ्या रोगात वातानुकूलित सभागृह आधी उघडले आणि मोकळे आकाश नंतर. अर्थात प्रशासनाच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे: सभागृहातल्या खुर्च्या मोजता येतात, एक सोडून एक रिकामी ठेवता येते, जत्रेला किती माणूस येईल हे गावचा पाटीलही सांगू शकत नाही. आणि रोग खरा होता. ‘मत्स्यगंधा’ने रसिकांच्या मनात घर केलेल्या आशालता वाबगावकर सप्टेंबर 2020 मध्ये साताऱ्यात मालिकेच्या चित्रीकरणादरम्यान संसर्ग होऊन गेल्या. तमाशा कलावंत कांताबाई सातारकर मे 2021 मध्ये, दुसऱ्या लाटेत, संगमनेरला गेल्या. म्हणून बंदी चुकली होती, असे मी म्हणत नाही. बंदी घालणे एक आणि बंदीची किंमत कोणी द्यायची हे ठरवणे दुसरे. पहिले काम राज्याने 1897 च्या कायद्याने एका रात्रीत केले, दुसरे जवळपास केलेच नाही.

जवळपास म्हणायचे कारण, 2021 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 56 हजार कलावंतांना प्रत्येकी 5 हजार रुपये एकरकमी देण्याचा निर्णय घेतला. दीड वर्षाच्या रिकामेपणाला पाच हजार, म्हणजे महिन्याला तीनशेहूनही कमी. रक्कम लहान होती यापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते त्या मदतीचे एकदाच येणे. ती आपत्तीतली दया होती, व्यवस्था नव्हती. राज्याच्या इतर योजनाही तपासून पाहाव्यात. नव्या नाटकाला अनुदान आहे, पण ते प्रयोगागणिक. प्रयोग नाही तर अनुदान नाही. तमाशा फडांनाही मदत मिळते ती कार्यक्रमांच्या हिशेबाने. वृद्ध कलावंतांना मानधन आहे, अलीकडे ते महिना 5 हजारांपर्यंत वाढले, पण ते उतारवयासाठी. ऐन उमेदीतल्या माणसाच्या रिकाम्या रात्रीसाठी एकही खाते नाही. भिंतींचे मात्र असे नाही. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांच्या काळातले, मूळचे पॅलेस थिएटर. अख्खे शहर हळहळले, आणि पुनर्बांधणीसाठी कोट्यवधींचा निधी लगेच जाहीर झाला. तो व्हायलाच हवा होता. पण त्यावरून एवढे कळते की नाट्यगृह जळाले तर काय करायचे हे आपल्याला ठाऊक आहे; ते उभे असताना आतला माणूस उपाशी राहिला तर काय करायचे, ते ठाऊक नाही.

नाटकवाल्यांना असा वेगळा मान कशाला, शेतमजूर आणि घरकामवाल्या बाया कमी भोगत होत्या का, हा आक्षेप नेहमी येतो. तो कलेच्या मोठेपणाचे दाखले देऊन परतवू नये. तसे केले की आक्षेपच बळकट होतो. नेपथ्य लावणारा हा रोजंदारीचा कामगार आहे आणि त्याची मागणी रोजंदारीच्या कामगाराचीच असावी. याबाबतीत महाराष्ट्राला बाहेर शिकायला जाण्याची गरजही नाही. गोदीत, बाजार समितीत पाठीवर ओझी वाहणाऱ्या माणसाला कायमचा मालक नव्हता. आज या व्यापाऱ्याचे पोते, उद्या त्या. म्हणून 1969 मध्ये माथाडी कायदा झाला आणि मंडळे उभी राहिली. माल उतरवून घेणाऱ्याने मजुरीवर ठराविक टक्के मंडळाकडे भरायचे, आणि मंडळाने कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी पाहायचे. बांधकाम मजुरांसाठीही उपकरावर चालणारे कल्याणकारी मंडळ आहे. 2020 च्या एप्रिलमध्ये नोंदणीकृत मजुरांना पहिले 2 हजार रुपये त्या मंडळातून गेले. रक्कम तीही फार नव्हती. परंतु पहिल्या महिन्यात ती पोचवण्यासाठी यादी होती, खाते होते, आणि पैसा कुठून आणायचा याचा वाद नव्हता. याचा विचित्र परिणाम असा की नाट्यगृह बांधणाऱ्या गवंड्यामागे मंडळ होते आणि त्याच नाट्यगृहात दिवे लावणाऱ्यामागे नव्हते.

निर्माते म्हणतील की तिकिटावर आणखी भार सोसणार नाही, आधीच प्रेक्षक घटतोय. आणि नाटकवाला आज एका संस्थेत, उद्या दुसऱ्या, त्याचा मालक कोण ठरवणार? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माथाडी कायद्यातच आहे: मालक ठरत नाही म्हणूनच मंडळ लागते. पहिला प्रश्न खरा आहे. त्यावर तोडगा निर्मात्याच्या खिशाआधी नाट्यगृहाच्या भाड्यात शोधावा लागेल, कारण बहुतेक नाट्यगृहे पालिकांची आहेत आणि भाडे ही सार्वजनिक रक्कम आहे. जत्रेच्या तमाशाबाबत ग्रामपंचायत आणि यात्रा कमिटीच्या सुपारीतून थोडा हिस्सा निघू शकतो. नोंदी नाहीत ही सबब तर टिकतच नाही. या राज्यात नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते आणि प्रमाणपत्र घेऊन येते. नाट्यगृहाची तारीख महापालिकेच्या वहीत असते, भाड्याची पावती असते, जत्रेतल्या खेळाला पोलिसांची परवानगी लागते. प्रत्येक प्रयोगाचा कागद कुठे ना कुठे शासनाकडे जमा आहे. 2021 ची मदत द्यायची वेळ आली तेव्हा मात्र कलावंत कोण हे अर्ज मागवून, दाखले जोडायला लावून, जिल्ह्या-जिल्ह्यात नव्याने ठरवावे लागले; आणि पडद्यामागच्या ज्या माणसाकडे कसलेच प्रमाणपत्र नव्हते त्याने स्वतःच्या नाइटचा पुरावा म्हणून काय जोडायचे, याचे उत्तर त्या अर्जात नव्हते.